नोंदवहीची किल्ली



कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याला व्यासपीठावर उभे केले म्हणजे तो मजुरी, बोनस आणि संप यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. ती समजूत मी मोडणार नाही. आजही मी मजुरीवरच बोलणार आहे. परंतु मजुरी जिथे हरवते ती जागा अलीकडे बदलली आहे. पूर्वी ती मुकादमाच्या हिशेबात हरवत असे. त्याला जाब विचारता येत असे. आता ती पुष्कळदा संगणकातील एखाद्या कोष्टकात हरवते, आणि तेथे जाब द्यायला कोणी उभा नसतो. म्हणून हे कोष्टक कसे बांधतात, त्याची किल्ली कशी निवडतात, त्यावर कोणते बंधन घालतात आणि त्याची सूची कशी करतात, हे मी शिकलो. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. बाकीचे सभेच्या सतरंजीवर आणि रात्रीच्या कंदिलाशी झाले. त्यामुळे विद्वानाच्या भाषेत सांगणे मला जमणार नाही. ज्या चुका मी केल्या त्यांच्या भाषेत सांगतो.

एका नावाच्या दोघी

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. पहाटे घरातील बायामाणसे जंगलात जातात, दुपारी सावलीत बसून पाने जुळवतात, आणि संध्याकाळी फळीवर नेऊन देतात. सत्तर पानांचा एक पुडा. एक हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. फळीवरचा मुन्शी पुडे मोजतो, वहीत लिहितो आणि पावती देतो. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांच्यामुळे पुष्कळ ग्रामसभा आता आपला पत्ता स्वतः विकतात, आणि मिळालेल्या रकमेतील वाटा संग्राहकांना देतात. तेव्हा कोणी किती पुडे दिले ही नोंद म्हणजेच त्या घराचे पावसाळ्याचे बियाणे असते.

२०१८ च्या हंगामानंतर आमच्या संघटनेने काही गावांच्या पावत्या संगणकावर चढवायचे ठरवले, म्हणजे वाटपाचा हिशेब तपासता येईल. दुबार नावे येऊ नयेत म्हणून मी मोठ्या हुशारीने एक नियम सांगितला: एका गावात एक नाव एकदाच. यंत्राने नियम पाळला. यंत्र नियम पाळतेच.

एका गावात एकाच नावाच्या दोन बाया होत्या. समजा, दोघीही ताराबाई मडावी. एक वरच्या टोल्यावरची, एक खालच्या. पहिलीचे नाव चढले. दुसरीचे नाव घालताना यंत्र म्हणाले, हे नाव आधीच आहे. नोंद करणाऱ्या पोराला वाटले, चूक टळली. आणि त्याने दुसरीच्या साऱ्या पावत्या पहिलीच्या नावावर टाकल्या. पैसे वाटले गेले. आठ दिवसांनी खालच्या टोल्यावरची बाई पदराच्या गाठीत पावत्या बांधून आमच्याकडे आली. ती भांडली नाही. पावत्या पुढ्यात ठेवून म्हणाली, “भाऊ, मग मी पाने तोडलीच नाही का?”

पहिलीने पैसे घेतले होते ते लबाडीने नव्हे. तिला वाटले यंदा भाव चांगला लागला. ते पैसे बियाण्यात आणि घरावरच्या कौलात गेले होते. शेवटी संघटनेच्या निधीतून आम्ही दुसरीला थोडे थोडे करून दोन हंगामांत फेडले. परंतु त्या प्रश्नाने माझी झोप घालवली. गुन्हा माझा होता, आणि तो नियम करण्याचा गुन्हा होता.

कोष्टक म्हणजे काय

कोष्टक आपल्याला नवे नाही. हजेरीपट हे कोष्टक आहे, सातबारा हे कोष्टक आहे, मतदारांची यादी हे कोष्टक आहे. वर रकान्यांची नावे, खाली ओळी. एक ओळ म्हणजे एक माणूस, एक पावती किंवा एक शेत. संगणकातली माहिती अशा साध्या कोष्टकांत मांडावी आणि कोष्टके एकमेकांशी मूल्यांनीच जोडावीत, ही कल्पना एडगर कॉड या इंग्रज गृहस्थाने जून १९७० मध्ये एका निबंधात मांडली. दुसऱ्या महायुद्धात तो विमानदलात वैमानिक होता. पुढे अमेरिकेत आयबीएम कंपनीत संशोधक झाला. त्याच्या आधीच्या पद्धतींत माहिती कुठे ठेवली आहे ती वाट ठाऊक असावी लागे. कॉडने सांगितले की वाट विसरा. ओळीला तिच्यातील मजकुरावरूनच ओळखा. मग प्रश्न उरतो तो एवढाच: कोणत्या मजकुरावरून ती नेमकी ओळखावी? त्यालाच प्रायमरी की म्हणतात. मी तिला मुख्य किल्ली म्हणेन.

किल्लीचे चार गुण असावे लागतात. ती प्रत्येक ओळीला असली पाहिजे, रिकामी चालणार नाही. ती दोन ओळींना एकच असता कामा नये. ती सहसा बदलू नये. आणि ती शक्य तितकी आखूड असावी, कारण दुसरी कोष्टके तीच किल्ली आपल्यात लिहून ठेवणार असतात.

आता आपल्याकडचे उमेदवार एकेक करून तपासू.

नाव हे पहिल्याच परीक्षेत नापास होते. आत्राम, मडावी, गावडे, उसेंडी ही आडनावे गावोगाव आहेत. शिवाय लग्नानंतर बाईचे नाव बदलते. आणि एक कारकून आत्राम लिहितो, तर दुसरा अत्राम. आणखी एक गंमत सांगतो. डोळ्याला एकसारखे दिसणारे अक्षरही यंत्राच्या आत दोन प्रकारांनी लिहिलेले असू शकते. पुऱ्यांमधील आपला ‘ऱ’ एकाच चिन्हाने लिहिता येतो, किंवा साधा ‘र’ आणि खाली टिंब अशा दोन चिन्हांनीही लिहिता येतो. लिहिणारे तेव्हाच एकसारखे करून घेतले नाही तर यंत्राला ती दोन नावे वाटतात. म्हणजे नाव दोघींना एक करते आणि एकीला दोन करते.

मोबाईल क्रमांक? एका घरात एक फोन, तोही मुलाचा. आणि रिचार्ज संपला की क्रमांक जातो. बँकेचे खाते? कित्येक घरांत एकाच खात्यावर दोघांची मजुरी येते. बँकाही बदलतात. विदर्भ कोकण ग्रामीण बँक २०१३ साली दोन बँका मिळून झाली, आणि १ मे २०२५ पासून तीही महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. ज्याने बँकेच्या नावाशी माणसाची ओळख बांधली, त्याला विलीनीकरणाच्या प्रत्येक वेळी नवी ओळख बांधावी लागणार.

मग आधार? पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी वाटले गेले. बारा अंकी क्रमांक. शेवटचा अंक पडताळ्याचा, म्हणजे एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर चूक पकडता येते. किल्ली म्हणून तो मोहक वाटतो. पण मुख्य किल्ली ही प्रत्येक कोष्टकात, प्रत्येक पावतीच्या ओळीत उतरत जाते. माणसाचा असा खाजगी क्रमांक शंभर ठिकाणी उतरवणे म्हणजे घराची चावी प्रत्येक झाडाला टांगणे. शिवाय ज्याचा क्रमांक हाताशी नाही त्याची पाने मोजायचीच नाहीत काय? आधार हवाच असेल तिथे, कायद्याने परवानगी असेल तर, तो एका बंद रकान्यात राहू द्यावा. त्याला किल्ली करू नये.

अर्थ नसलेला क्रमांक

उरतो तो साधा अनुक्रमांक: एक, दोन, तीन. त्याला काही अर्थ नसतो आणि हाच त्याचा गुण आहे.

क्रमांकात अर्थ भरण्याचा मोह सर्वांना होतो. जिल्ह्याची अक्षरे, तालुक्याचा आकडा, जातीचा आकडा, मग अनुक्रमांक. हे दिसायला शहाणपणाचे दिसते. पण आपल्या जिल्ह्याचाच इतिहास पाहा. चांदा जिल्ह्याचे नाव १९६४ मध्ये चंद्रपूर झाले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याच्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. ज्याने चांद्याचे अक्षर घालून किल्ली केली असती त्याने १९६४ साली काय केले असते, आणि १९८२ साली सिरोंचा, अहेरी, धानोऱ्याच्या ओळींचे काय केले असते? किल्ली बदलावी तर तिच्यावर अवलंबून असलेली प्रत्येक ओळ बदलावी लागते; न बदलावी तर किल्ली खोटे बोलू लागते. जिल्हा हा वेगळ्या रकान्यात लिहावा. रकाना बदलता येतो. किल्ली बदलू नये.

मात्र अनुक्रमांक दिला की काम संपले, असे समजणे ही दुसरी चूक. आणि पहिली चूक सुधारताना मी ती केली. मी नावावरचे बंधन काढून टाकले आणि प्रत्येक ओळीला आपोआप क्रमांक पडू दिला. पुढच्या हंगामात एकच बाई ४१, ९७ आणि २०३ अशा तीन क्रमांकांनी आत आली. यंत्राच्या दृष्टीने त्या तीन बाया होत्या, कारण क्रमांक तीन होते. अनुक्रमांक ओळीला वेगळे करतो. माणसाला वेगळे करत नाही.

ताडोब्याच्या वाघांची मोजणी करणारे हे चांगले जाणतात. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, तेव्हा पट्टे ही निसर्गानेच दिलेली किल्ली. पण वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीसारखे नसतात. एका कॅमेऱ्याने डावी बाजू टिपली आणि दुसऱ्याने उजवी, तर एकाच वाघाचे दोन वाघ होऊ शकतात. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे बसवतात. फोटोला क्रमांक दिल्याने वाघ ओळखला जात नाही. दोन्ही कुशी पाहाव्या लागतात.

एकमेव असण्याचे बंधन

ही दुसरी कूस म्हणजे युनिक बंधन. मुख्य किल्ली एका कोष्टकाला एकच असते. पण “हा मजकूर पुन्हा येता कामा नये” असे बंधन आपण कितीही रकान्यांवर घालू शकतो, आणि अनेक रकाने मिळूनही घालू शकतो.

अनेक रकाने मिळून बंधन घालणे हे आपल्या महसूल खात्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. गट क्रमांक ४५ प्रत्येक गावात असतो. नुसता ४५ म्हणजे काहीच नव्हे. मौजा आणि गट क्रमांक मिळून शेत ठरते. गावांच्या नावांचेही तसेच. ज्या मेंढा गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, त्याला सगळे मेंढा (लेखा) म्हणतात, कारण नुसत्या मेंढा नावाची गावे आणखी आहेत आणि लेखा हे शेजारचे गाव. तो कंस म्हणजे लोकांनी स्वतःच घातलेले युनिक बंधन होय. बुद्रुक आणि खुर्द, चक आणि माल यांचे कामही तेच.

आम्ही आता काय करतो ते सांगतो. संग्राहकाला अर्थहीन क्रमांक, ही मुख्य किल्ली. गाव आणि घराचा कार्ड क्रमांक मिळून युनिक. पावत्यांच्या कोष्टकात पावतीपुस्तकाचा क्रमांक आणि पावतीचा छापील क्रमांक मिळून युनिक. त्यामुळे एकच पावती दोनदा चढवता येत नाही. आणि नावावर? नावावर बंधन मुळीच नाही. नावावर फक्त सूची आहे. त्याच गावात तेच नाव पुन्हा येऊ लागले की यंत्र जुनी ओळ समोर ठेवते आणि विचारते, ही तीच काय? उत्तर माणसाने द्यायचे, टोल्यावर विचारून द्यायचे.

येथे एक सावधगिरी. बंधन कमी कडक असले तर दुबार नोंद शिरते. वाजवीपेक्षा जास्त कडक असले तर खरी नोंद बाहेर राहते. कोणी आम्हाला सुचवले की एका कार्डावर एका दिवसात एकच नोंद असू द्या, म्हणजे गैरप्रकार होणार नाही. ऐकायला बरे वाटते. पण आई दुपारी काही पुडे देऊन स्वयंपाकाला घरी जाते आणि मुलगा अंधार पडता पडता उरलेले घेऊन येतो. त्या बंधनाने मुलाचे पुडे बुडाले असते. दुबार नोंद निदान यादीत दिसते आणि तपासता येते. जी नोंद आत आलीच नाही ती कोणाला दिसणार?

रिकाम्या रकान्याचीही गंमत आहे. बहुतेक डेटाबेसांत युनिक रकान्यात रिकाम्या जागा कितीही चालतात, कारण “ठाऊक नाही” हे दुसऱ्या “ठाऊक नाही”च्या बरोबरीचे मानले जात नाही. तेव्हा कार्ड क्रमांक रिकामा ठेवून तीच बाई दहा वेळा घालता येते, आणि बंधन गप्प राहते. जो रकाना बंधनात आहे तो रिकामा ठेवता येणार नाही, अशी सक्ती वेगळी करावी लागते.

तिसरे बंधन परक्या किल्लीचे, म्हणजे फॉरेन की. पावतीच्या ओळीत संग्राहकाचा क्रमांक लिहिला, तर तो क्रमांक संग्राहकांच्या कोष्टकात असलाच पाहिजे. याचा मजुराला मोठा उपयोग आहे. पावत्या शिल्लक असताना यादीतून त्या बाईचे नाव कोणी खोडू पाहील, तर यंत्र खोडू देत नाही. अर्थात तसा नियम आपण आधी करून ठेवला असेल तर.

सूची आणि तिची किंमत

आता सूचीविषयी, म्हणजे इंडेक्सविषयी. किल्ली आणि बंधन हे खऱ्याखोट्याचे प्रश्न आहेत. सूची हा वेगाचा प्रश्न आहे. जाड पुस्तकात “बांबू” हा शब्द शोधायचा तर पहिल्या पानापासून वाचावे, किंवा मागची सूची पाहावी. संगणकातली सूची बहुधा बी-ट्री नावाच्या रचनेची असते. ती बायर आणि मॅकक्राइट या दोघांनी १९७० च्या सुमारास बोइंग कंपनीत असताना काढली. एका पानावर समजा ३०० नावे आणि प्रत्येक नावापुढे “पुढे अमुक पानावर जा” अशी खूण. दुसऱ्या पायरीला ३०० गुणिले ३००, म्हणजे ९०,००० नावे. तिसऱ्या पायरीला २ कोटी ७० लाख. तीन पाने उलटली की पावणेतीन कोटींतून एक ओळ हाती येते. युनिक बंधनही याच सूचीच्या जोरावर चालते: नवी ओळ आली की यंत्र सूचीत पाहते, आणि ती आधीच असेल तर दार लावून घेते.

सूची अनेक रकान्यांची केली तर क्रमाला महत्त्व येते. गाव, मग आडनाव, मग नाव अशा क्रमाने लावलेल्या यादीत एका गावातील सारे मडावी झटकन सापडतात. पण सर्व गावांतील ताराबाई शोधायच्या, तर ती यादी फारशी कामाची नाही. पहिला रकाना सोडून मधूनच शिरता येत नाही. म्हणून सूची करण्यापूर्वी कागदावर प्रश्न लिहावेत. आमचे प्रश्न दोन: या बाईच्या यंदाच्या पावत्या किती, आणि या फळीवर या दिवशी किती पुडे आले. तेव्हा सूच्याही दोन: संग्राहक व दिनांक, आणि फळी व दिनांक.

मग सगळ्याच रकान्यांवर सूची का करू नये? कारण प्रत्येक सूची ही आणखी एक वही आहे. एक नवी पावती लिहायची तर प्रत्येक वहीत जाऊन योग्य जागी लिहावे लागते. वाचणे स्वस्त होते, लिहिणे महाग होते. आणि ज्या रकान्यात दोनच उत्तरे आहेत, जसे स्त्री की पुरुष, त्यावर सूची करून सहसा काही साधत नाही; अर्धे पुस्तक तरीही चाळावेच लागते.

जंगलात रेंज नाही

शेवटचा मुद्दा आपल्या भागाचा खास आहे. शहरात सारे फोन एका मोठ्या यंत्राशी बोलतात, आणि ते यंत्र पुढचा अनुक्रमांक देते. भामरागड-एटापल्लीकडे फळीवर पुष्कळदा रेंज नसते. दोन फळ्यांवरचे दोन मुन्शी आपापल्या फोनवर १०१ क्रमांकाची पावती फाडतात, आणि आठवड्याने दोन्ही फोन गावात आले की दोन १०१ समोरासमोर येतात. यावर दोन उपाय आहेत. एक जुना: फळीचा क्रमांक आणि अनुक्रमांक यांची जोडकिल्ली करावी, छापील पावतीपुस्तके वाटताना आपण हेच करत आलो. दुसरा नवा: यूयूआयडी नावाचा १२८ बिटांचा क्रमांक फोनने स्वतःच काढावा. तो इतका मोठा असतो की दोन फोनांचे क्रमांक एक होण्याची भीती व्यवहारात उरत नाही. पण यदृच्छेने काढलेले असे क्रमांक सूचीत इकडेतिकडे विखरून पडतात आणि लिहिणे मंदावते. म्हणून आता काळाच्या क्रमाने वाढणारा प्रकारही आला आहे, त्याला मे २०२४ मध्ये प्रमाणरूप मिळाले. मात्र या लांबलचक क्रमांकाने बाई ओळखता येत नाही, हे वर सांगितलेच आहे. छापील पावतीवरचे युनिक बंधन येथेही हवेच.

एक व्यवहारी सूचना. जुन्या कोष्टकावर नवे बंधन घालायला गेलात, तर आत दुबार ओळी असेपर्यंत यंत्र ते घालू देणार नाही. त्या वेळी चिडून दुबार ओळी सरसकट पुसू नका. आमच्या यादीत अशा सत्तावीस जोड्या निघाल्या. गावोगाव जाऊन विचारले, तेव्हा तेवीस ठिकाणी एकच माणूस दोनदा होता आणि चार ठिकाणी खरोखर दोन माणसे होती. सरसकट पुसले असते तर आणखी चार जणी पदरात पावत्या बांधून आल्या असत्या.

मित्रहो, कोष्टक बांधणे हे तज्ज्ञाचे काम आहे, हे मला मान्य आहे. परंतु कोणाला एक समजायचे आणि कोणाला दोन समजायचे, हे ठरवणे तज्ज्ञाचे एकट्याचे काम नाही. ते फळीवर पुडे मोजणाऱ्याला आणि पाने तोडणारीला विचारल्यावाचून ठरत नाही. म्हणून कोणत्याही कार्यालयात आपल्या मजुरीची नवी यादी सुरू झाली, की ग्रामसभेने आणि संघटनेने तीन प्रश्न विचारावेत: यात माझी ओळख कशावरून ठरते? कोणती नोंद यंत्र परत फेकते, आणि फेकलेली नोंद कोण पाहते? माझी पावती हरवली तर ती कशावरून शोधाल? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत अंगठा उमटवू नये.

खालच्या टोल्यावरच्या त्या बाईचे नाव आता आमच्या यादीत आहे. तिचा क्रमांक वेगळा आहे, कार्ड वेगळे आहे, आणि नाव पहिलीचेच आहे. ते बदलायला आम्ही तिला सांगितले नाही.